वाचकांचे प्रश्न : ड्रेन बोल्टचा वॉशर

प्रश्न : माझ्या १२५ सीसीच्या मोटारसायकलचे ऑईल गेल्या महिन्यात बदलून घेतले, तेव्हापासून इंजिनाखालच्या ड्रेन बोल्टपाशी (जुने ऑईल काढण्यासाठी सोडवतात तो बोल्ट) ऑईल पाझरते आणि सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग दिसतो. वॉशर जुनाच बसवला होता. परत नेल्यावर मेकॅनिकने बोल्ट आणखी आवळून दिला. पाझरणे कमी झाले, पण थांबले नाही. नवा वॉशर खरेच लागतो का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : लागतो, आणि बोल्ट आणखी आवळणे हा त्यावरचा उपाय नाही. ऑईल बोल्टच्या आट्यांमुळे अडते, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक आट्यांच्या नागमोडी फटीतून ऑईल हळूहळू खाली उतरतच असते आणि त्याला थोपवतो तो बोल्टचे डोके व इंजिन यांच्यामध्ये दाबला गेलेला वॉशर. हा वॉशर मुद्दाम मऊ धातूचा, बहुधा ॲल्युमिनियमचा केलेला असतो. बोल्ट आवळला की तो किंचित चेपतो आणि दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक ओरखडे व उंचसखलपणा भरून काढतो. एकदा असा चेपला की त्याचे काम झाले. पुढच्या वेळी बोल्ट नेमका त्याच जागी येत नाही, पहिल्या वेळी उमटलेली कड आता भलतीकडेच टेकते आणि तेवढ्या फटीतून ऑईल वाट काढते. जुना वॉशर नखाने चाचपून पाहिलात, तर गोलाकार उमटलेली ही खाच सहज हाताला लागेल.

प्रत्यक्षात जुना वॉशर दोन-तीन वेळा चालूनही जातो, म्हणून गॅरेजमध्ये तो बदलण्याचा आग्रह कोणी धरत नाही. मला खरी काळजी वाटते ती थेंबाथेंबाने गळणाऱ्या ऑईलची नव्हे, तर ते थांबवण्यासाठी लावलेल्या जोराची. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची असल्यामुळे जोर जास्त झाला की झिजतात ते पेटीतले आटे. १२ मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टला अनेक लहान इंजिनांत सुमारे २० ते ३० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, सांगितलेला असतो. २४ न्यूटन-मीटर धरले, तर १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा जोर पुरतो. तोच जोर ३० सेंटिमीटरच्या दांड्याला लावला, तर टॉर्क दुप्पट होतो. पान्याला पाइप अडकवून आवळणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. आटे गेले, तर भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवावी लागते, आणि त्या खर्चात पुढच्या कित्येक वर्षांचे वॉशर आले असते.

आता करायचे ते असे. पुढच्या ऑईल बदलाची वाट न पाहता स्वच्छ भांड्यात ऑईल काढून घ्यावे (नुकतेच घातलेले असल्याने ते पुन्हा वापरता येईल), बोल्ट पूर्ण सोडवावा आणि इंजिनाच्या बाजूला आधीचा वॉशर चिकटून राहिला नाही ना, हे बोटाने तपासावे. काळवंडलेला पातळ वॉशर इंजिनाचाच भाग वाटतो, त्यावर दुसरा बसवला जातो आणि मग कितीही आवळले तरी गळती थांबत नाही. तो काढायला स्क्रूड्रायव्हर लावू नये, कारण टेकणीच्या जागेवर ओरखडा पडला, तर नवा वॉशरही उपयोगाचा नाही. बांबूची चपटी काडी पुरते. दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसून, कंपनीच्या मापाचा नवा वॉशर घालून बोल्ट आधी हातानेच फिरवावा. वॉशर टेकेपर्यंत तो सहज फिरला पाहिजे; मध्येच अडला, तर आटे तिरके धरले आहेत किंवा आधीच दुखावले आहेत, असे समजून थांबावे. त्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळावे.

एवढे करूनही डाग दिसला, तर गळती दुसरीकडून असू शकते. फिल्टरच्या झाकणातून किंवा गिअरच्या दांड्याच्या सीलमधून निघालेले ऑईल ओघळत सर्वांत खालच्या जागी, म्हणजे ड्रेन बोल्टपाशीच येते. इंजिनाचा खालचा भाग पेट्रोलने नव्हे, डिझेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते, तिथे दोष आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीला तांब्याचे वॉशर आहेत. ते तापवून पुन्हा वापरता येतात, हे खरे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरे आहे, पण फक्त सपाट, भरीव तांब्याच्या वॉशरबाबत. दाबाने तांबे कडक होते. गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवले की ते पुन्हा मऊ पडते. नंतर पाण्यात टाकले तरी चालते, कारण तापलेले पोलाद पाण्याने कडक होते तसे तांबे होत नाही, उलट वरची काळी खपली सुटायला मदतच होते. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू हलक्या हाताने घासाव्यात. वॉशर पातळ झाला असेल किंवा त्यावर खोल खाच असेल, तर हा खटाटोप करू नये. ॲल्युमिनियमवर हा प्रयोग मुळीच नको : ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधी लाल होऊन सूचना देत नाही. दुमडलेल्या पत्र्याचा पोकळ वॉशर एकदा चेपल्यावर तापवून पूर्ववत होत नाही.

प्रश्न : वॉशर मिळेपर्यंत टेफ्लॉन टेप गुंडाळली तर?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गुंडाळू नये. टेपचे किंवा सिलिकॉनचे तुकडे सुटून आत गेले, तर ते ऑईल पंपाच्या जाळीत अडकतात. एक-दोन दिवस थोडे पाझरले तर चालेल. तेवढे दिवस ऑईलची पातळी रोज पाहावी आणि मागच्या टायरवर ओघळ येत नाही, याची खात्री करूनच गाडी काढावी.