वाचक विचारतात : येशूचा इतिहास आणि घरातली श्रद्धा

ख्रिस्ती धर्माच्या उगमावरचे टिपण मागच्या अंकात आले, त्यावर बडोद्याहून बरीच पत्रे आली. ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात या टिपणावर चर्चा ठेवली होती. एका सभासदांनी 'येशू नावाचा माणूस झालाच नाही, ती रोमन राजवटीने रचलेली कथा आहे' असे ठासून सांगितले. दुसऱ्यांनी 'बायबलमध्ये लिहिले आहे, आणखी पुरावा कशाला?' म्हणून पुस्तकच पुढे केले. प्रकरण हातघाईवर आले. इतिहास म्हणून नेमके काय धरून चालावे?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : येशू होऊन गेला, यावर त्या काळाचा अभ्यास करणाऱ्या जवळजवळ सर्व इतिहासकारांचे एकमत आहे. त्यांत ज्यू आहेत, नास्तिकही आहेत. पण नुसते 'एकमत आहे' म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही. पुरावा कोणत्या क्रमाने मांडता, यावर सगळे अवलंबून आहे.

सुरुवात शुभवर्तमानांपासून, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपासून, करू नका. चारही नंतरची आहेत : मार्क इ.स. ७० च्या आसपासचे, मत्तय आणि लूक साधारण ८० ते ९० मधले, योहान शतकाच्या अखेरचे. त्यांच्या आधीची आहेत पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रे. त्याच्या नावावरच्या तेरांपैकी सात पत्रे निर्विवादपणे त्याचीच मानली जातात आणि ती साधारण इ.स. ५० ते ६० या काळातली आहेत. त्यांतले गलतीकरांस पत्र उघडा, अध्याय १, वचने १८ ते २०. पौल सांगतो की तो यरुशलेमेस जाऊन केफाजवळ, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ, पंधरा दिवस राहिला आणि 'प्रभूचा भाऊ' याकोब यालाही भेटला. (सख्खा भाऊ की नात्यातला, हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातला वेगळा वाद आहे, इथे तो आड येत नाही.) हे वाक्य उपदेशासाठी लिहिलेले नाही. आपण यरुशलेमच्या पुढाऱ्यांचे मिंधे नाही, हे भांडून सांगताना ते ओघात आले आहे, आणि लगेच पौल देवाची साक्ष काढून 'मी खोटे लिहीत नाही' असेही म्हणतो. ज्याच्या घरच्या माणसाला लिहिणारा स्वतः भेटला आहे, तो कल्पित कसा ठरवायचा, याचे उत्तर तुमच्या पहिल्या सभासदांनी द्यायला हवे.

मग बाहेरचे साक्षीदार घ्या. रोमन इतिहासकार टॅसिटस साधारण इ.स. ११६ मध्ये लिहितो की ६४ सालच्या रोमच्या आगीचा ठपका सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांवर ठेवला, आणि त्यांचा मूळपुरुष 'ख्रिस्तस' याला सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीत पिलात या रोमन सुभेदाराने देहान्ताची शिक्षा दिली होती. टॅसिटसला या पंथाचा तिटकारा आहे, त्यामुळे त्याने पदरचे कौतुक घातले असेल अशी शंका घ्यायला जागा नाही.

योसेफसच्या बाबतीत मात्र बहुतेक जण घसरतात. या ज्यू इतिहासकाराच्या ग्रंथाच्या अठराव्या भागात येशूवर एक उतारा आहे, आणि त्यात 'हाच ख्रिस्त (म्हणजे मसीहा, तारणारा) होता' असे वाक्य आहे. ख्रिस्ती न झालेला योसेफस असे लिहिणार नाही. हा मजकूर नंतरच्या ख्रिस्ती नकलकारांच्या हातून वाढला, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. चर्चेत हा उतारा जसाच्या तसा वाचला की समोरचा तो पाडतो आणि त्याबरोबर तुमची खरी बाजूही पडते. त्याऐवजी विसाव्या भागातला उल्लेख घ्या : 'ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ याकोब'. तो छोटा आहे, पण पक्का आहे. कैसरिया येथे १९६१ मध्ये सापडलेला पिलाताच्या नावाचा दगडही असाच जपून वापरावा. त्यावरून पिलात होता एवढेच सिद्ध होते.

रोमन राजवटीने कथा रचली म्हणणाऱ्यांना सनावळीच पुरेशी आहे. नीरोने या लोकांना जाळले, इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन सुभेदार सम्राट ट्राजनला पत्र लिहून यांच्यावर खटले कसे चालवू असे विचारतो, आणि कायद्याने पूर्ण मोकळीक मिळायला ३१३ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या सभासदांनीही एक हिशेब करून पाहावा. मत्तयाच्या मते येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला, हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला. लूक जन्माचा संबंध क्विरीनिय या रोमन सुभेदाराने केलेल्या नावनोंदणीशी जोडतो, ती इ.स. ६ मधली. दोन्हींमध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. ते बुजवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण इतिहासकारांचे समाधान करील असा एकही नाही.

शिल्लक काय राहते? गालीलातला एक ज्यू उपदेशक, योहानाकडून (हा बाप्तिस्मा देणारा योहान, शुभवर्तमानाचा नव्हे) बाप्तिस्मा, शिष्यांचा जथा, यरुशलेमेत साधारण इ.स. ३० मध्ये पिलाताच्या हुकुमाने वधस्तंभ, आणि त्यानंतर फार उशीर न होता अनुयायांचे ठाम म्हणणे की आम्ही त्याला जिवंत पाहिले. इतिहास इथपर्यंत येतो. त्यांनी खरोखर काय पाहिले, हे ठरवण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर फिरते की बायबलमधली पुस्तके इ.स. ३२५ मध्ये सम्राटाने मतदान घेऊन निवडली, आणि येशू काश्मीरला येऊन शिकला. यात तथ्य किती?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : पहिल्यात काहीही नाही. ३२५ ची नायसियाची परिषद कॉन्स्टंटाइनने बोलावली हे खरे, पण वाद होता पुत्र हा पित्याशी एकरूप आहे की निर्माण केलेला, यावर. पुस्तकांची यादी तिथे ठरली नाही. आजच्या नव्या करारातली (बायबलच्या ख्रिस्ती भागातली) नेमकी सत्तावीस पुस्तके प्रथम आढळतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात, आणि त्यांपैकी बहुतेक पुस्तके ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, त्याआधीच रुळलेली होती.

काश्मीर-लडाखची गोष्ट १८९४ मध्ये निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने छापली. हेमिस मठात आपल्याला येशूचे चरित्र मिळाले, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले. असे पुस्तकच नाही आणि असा पाहुणाही आला नव्हता, असे तिथल्या प्रमुख लामांनी सांगितले. भारताशी आलेला खरा जुना संबंध पाहायचा तर सहाव्या शतकातला कॉस्मस हा ग्रीक प्रवासी पाहा. त्याने मलबारात ख्रिस्ती लोक असल्याचे आणि 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे म्हणजे आपले ठाण्याजवळचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. मराठी मुलखाच्या दृष्टीने ही नोंद काश्मीरच्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोलाची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही याचे वाईट वाटते.

प्रश्न : मी मराठी ख्रिस्ती कुटुंबातली विद्यार्थिनी आहे. मार्काच्या सोळाव्या अध्यायातली ९ ते २० ही वचने सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, असे वाचनात आले. लहानपणापासून ती मी ऐकत आले. पपांना विचारले तर 'असले वाचून श्रद्धा जाते' म्हणाले. मग खरे काय मानू?
— एक वाचक, फतेगंज

उत्तर : वाचलेत ते खरे आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही ग्रीक प्रतींत मार्क आठव्या वचनावर थांबतो : स्त्रिया रिकाम्या कबरेपासून पळतात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. पुढच्या बारा वचनांची भाषा मार्काच्या नेहमीच्या भाषेहून वेगळी आहे. शिवाय नवव्या वचनात मग्दालीया मरीयेची ओळख अशी करून दिली आहे, जणू ती आता प्रथमच येते आहे. प्रत्यक्षात आठच वचने आधी तिचे नाव येऊन गेले आहे. सांधा तिथे उघडा दिसतो. काही प्रतींत तर आठव्या वचनानंतर तिसराच, अगदी छोटा शेवट आढळतो. असा अर्धवट वाटणारा शेवट पुढच्या पिढीला खटकला असणार आणि त्यांनी तो पुरा केला, हे समजण्यासारखे आहे. योहानातली व्यभिचाराच्या आरोपातल्या स्त्रीची कथा (७:५३ ते ८:११) हीसुद्धा जुन्या प्रतींत नाही. अनेक आधुनिक आवृत्त्यांत दोन्ही ठिकाणी कंस किंवा तळटीप असते. घरचे बायबल उघडून पाहा. मंडळ्यांनी हे लपवून ठेवलेले नाही.

हे काम कसे चालते ते समजून घ्यायला तुम्ही योग्य शहरात आहात. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत छापली. वेगवेगळ्या लिपींतल्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, श्लोकाश्लोकाचे पाठभेद टिपायचे, कोणत्या पाठातून बाकीचे पाठ निघू शकतात ते पाहायचे, आणि उरलेले पाठ फेकून न देता तळाशी किंवा परिशिष्टात छापायचे, ही ती पद्धत. नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांवर हेच केले जाते. ग्रंथालयात रामायणाचा एखादा खंड मागून घ्या आणि पानाच्या वर किती मजकूर आहे, खाली किती टिपा आहेत ते डोळ्यांनी पाहा. त्या टिपांमुळे कोणी रामाला नमस्कार करणे सोडलेले नाही.

आता मुख्य गोष्ट. पुनरुत्थानाची साक्ष त्या बारा वचनांवर उभी नाही. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५, वचने ३ ते ८ वाचा. पत्र साधारण इ.स. ५४-५५ चे, म्हणजे मार्काच्याही आधीचे, आणि त्यात पौल म्हणतो की मला जे सांगण्यात आले तेच मी तुम्हांला सांगितले : तो मेला, पुरला गेला, उठला, केफाला दिसला, मग बाराजणांना. म्हणजे हे वाक्य पत्राहूनही जुने आहे. यावर विश्वास ठेवायचा की नाही हा तुमचा निर्णय. पण तो मार्क १६:९ च्या जिवावर घ्यावा लागत नाही, आणि ते वचन गेल्याने मोडतही नाही.

पपांशी बोलताना 'बायबल चुकीचे आहे' या वाक्याने सुरुवात करू नका, त्यांना ते घरावर घाव घातल्यासारखे लागेल. आधी करिंथकरांचा अध्याय त्यांच्याबरोबर वाचा, मार्काकडे नंतर वळा. आणि पंडिता रमाबाईंची आठवण द्या. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते पुरे छापून निघाले. शब्दन्‌शब्द तपासत त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली आणि श्रद्धा अखेरपर्यंत टिकली.

प्रश्न : माझा मुलगा सहा महिन्यांपासून प्रार्थनासभेला जातो. घरात गणपती बसतो, कुलधर्म आहे. इतिहासाच्या आधारे त्याला परत आणण्यासाठी ठळक मुद्दे द्यावेत.
— एक पालक, प्रतापनगर

उत्तर : मुद्दे देता येतील, वर काही आलेच आहेत. पण त्यांनी तुमचे काम होणार नाही. हेरोदाच्या मृत्यूचे साल पाहून कोणी प्रार्थनासभेला जायला लागत नाही आणि ते साल चुकले म्हणून थांबतही नाही. तुम्ही यादी घेऊन बसलात की तो उत्तरांची यादी आणेल, आणि जे विचारायचे ते राहूनच जाईल : तिथे तुला काय मिळते? एकटेपणा होता का? कोणी आजारपणात धावून आले का? गाण्यात मन रमते का? हे प्रश्न उलटतपासणीच्या सुरात नकोत. गणपतीला तो आरतीला उभा राहणार का, प्रसाद घेणार का, हे त्याच्याशी सणाच्या आधी बोलून ठेवा. पाहुण्यांसमोर तो विषय निघाला की दोघेही हट्टाला पेटता.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या त्या स्वतःचे सोवळे-ओवळे सांभाळूनच. धर्म जुळण्याच्या कितीतरी आधी संसार जुळला होता.

एक व्यवहाराची गोष्ट. सभेला जाणे वेगळे आणि विधिपूर्वक धर्मांतर वेगळे. धर्मांतरासाठी गुजरातेत २००३ चा कायदा आहे आणि त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे प्रक्रिया करावी लागते. तो विचार पुढे आलाच, तर मुलाने वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे. त्याचे मत तुम्हांला पटो न पटो, त्याला कायद्याच्या कचाट्यातून वाचवणे हे तुमचेच काम आहे.

प्रश्न : वाद न होता अभ्यास व्हावा अशी बैठक कशी घ्यावी?
— एक वाचक, मांडवी

उत्तर : विषय लहान घ्या. 'ख्रिस्ती धर्माचा उगम' हा एका संध्याकाळचा विषय नव्हे. तीन शुभवर्तमानांतला येशूचा बाप्तिस्मा घ्या : मार्क १:९-११, मत्तय ३:१३-१७, लूक ३:१९-२२. एका आडव्या कागदावर तीन रकाने करून मजकूर समोरासमोर उतरवा. तिघांत सारखे ते एका रंगाने, दोघांत सारखे ते दुसऱ्याने, एकट्याचे ते तिसऱ्याने अधोरेखित करा. यालाच तास जाईल, जाऊ द्या.

मग फरक बोलू लागतात. मार्कात येशू येतो आणि योहान त्याला बाप्तिस्मा देतो, कसलेही स्पष्टीकरण नाही. मत्तयात योहान आधी नको म्हणतो, 'मीच आपल्या हातून बाप्तिस्मा घ्यावा' असे सुचवतो. लूक तर योहानाला आधीच तुरुंगात टाकल्याचे सांगून टाकतो आणि बाप्तिस्मा कोणी दिला हे लिहीतच नाही. मार्कात आकाशवाणी 'तू माझा पुत्र' म्हणते, मत्तयात 'हा माझा पुत्र'. पापक्षमेसाठी असलेला बाप्तिस्मा गुरूने दुसऱ्याकडून घ्यावा, हे नंतरच्या लेखकांना अवघड जात होते. म्हणूनच ही घटना खरी असावी, असे इतिहासकार म्हणतात : अडचणीची गोष्ट कोणी मुद्दाम रचत नाही. या कसोटीवरही सगळा भार टाकू नका. त्या काळी कोणाला काय अडचणीचे वाटत होते, हे आपण दोन हजार वर्षांनी ठरवतो आहोत.

नियम दोनच ठेवा. बोलणाऱ्याने आधी सांगावे की तो काय झाले ते सांगतो आहे, की लेखकाला काय म्हणायचे होते, की आपण काय मानतो. आणि वचन सांगताना पान उघडलेले असावे, आठवणीतून कोणी बोलू नये. गाडी रुळावरून घसरते ती बहुधा दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात नकळत उडी मारल्याने, तेव्हा ही खूण लक्षात ठेवणारा एक सभासद नेमा. दहाबारा जणांपेक्षा मोठा गट घेऊ नका. पुढच्या बैठकीला वधस्तंभाची वेळ घ्या : मार्क १५:२५ आणि योहान १९:१४. मार्काच्या मते वल्हांडण या ज्यू सणाचे भोजन आदल्या रात्रीच झाले आहे, योहानाच्या मते अजून व्हायचे आहे. त्यासाठी मात्र दोन संध्याकाळी राखून ठेवा.