फळीचा फळा झाला, मग ‘बोर्डिंग पास’ कुठून आला?

प्रश्न असा आहे: ब्लॅकबोर्ड, बोर्डाची परीक्षा, बोर्डिंग स्कूल आणि बोर्डिंग पास या चारही ठिकाणचा ‘बोर्ड’ एकच, की उच्चाराने सारखे दिसणारे वेगवेगळे शब्द?

पहिले तीन नक्की एकच. चौथ्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे.

मूळ अर्थ लाकडाची फळी. काळा रंग दिलेली फळी म्हणजे ब्लॅकबोर्ड, हे सरळच आहे. पण जुन्या इंग्रजीत जेवणाच्या मेजालाही ‘बोर्ड’च म्हणत. ‘टेबल’ हा शब्द त्या अर्थाने रुळला तो नंतर, फ्रेंचमार्गे. (गंमत म्हणजे टेबलाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘टॅब्युला’चा अर्थही फळीच. एका फळीने दुसरीला हटवलं!) मेजाचा अर्थ मागे पडला, पण जाताना दोन पिल्लं ठेवून गेला.

एक, मेजावरचं जेवण. राहण्याजेवण्याच्या सोयीला ‘बेड अँड बोर्ड’ म्हणतात त्यातला बोर्ड हा. पैसे देऊन कुणाकडे जेवूनखाऊन राहणारा तो बोर्डर, आणि मुलं जिथे राहून शिकतात ते बोर्डिंग स्कूल. दुसरं, मेजाभोवती बसलेली माणसं. सल्लामसलतीला बसणारे ते बोर्ड. मग बोर्ड ऑफ डायरेक्टर्स आणि परीक्षेचं बोर्डही. इथे मराठीने वेगळी वाट धरली. आपण ‘मंडळ’ म्हणतो, म्हणजे वर्तुळ. इंग्रजीला मधलं मेज दिसलं, आपल्याला भोवतीचा घोळका.

‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे उघड, सचोटीचा व्यवहार. हेही मेजच. पत्ते खेळताना हात मेजाच्या वर दिसत राहिले की लबाडीला वाव कमी. ‘कपबोर्ड’ हे आधी पेले मांडून ठेवायचं मेज होतं. दारं असलेलं कपाट ते पुढे झालं. उच्चारात ‘प’ गडप होऊन ‘कबर्ड’ उरल्यामुळे त्यातला कप आता कुणाला ऐकूच येत नाही.

आता बोर्डिंग पास. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये फळी या अर्थाच्या शब्दाशेजारी जवळजवळ तसाच आणखी एक शब्द होता, अर्थ कड किंवा बाजू. ‘बॉर्डर’ याच कुळातला, फ्रेंचमधून फिरून आलेला. जहाजाची बाजू फळ्यांचीच असल्याने हे दोन शब्द एकमेकांत इतके मिसळले की आता कोणता अर्थ कुणाचा, हे काटेकोरपणे सांगणं अवघड. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजावर, ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे कडेवरून पाण्यात. जहाजावर चढणं ते बोर्डिंग. रेल्वे आणि विमानांनी तोच शब्द उचलला.

‘स्टारबोर्ड’ या शब्दात तारा शोधू नका. तो ‘स्टीअर’, म्हणजे जहाज वळवणं. पूर्वी सुकाणूचं मोठं वल्हं उजव्या बाजूला असे, म्हणून उजवी बाजू स्टारबोर्ड. डावीला ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यावादळात ओरडून हुकूम देताना ही जोडी किती घोटाळे करत असेल, कल्पना करा. शेवटी 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून ‘पोर्ट’ हा आधीपासून चालत आलेला शब्द अधिकृत केला.

आपली ‘फळी’ही काही कमी नाही. क्रिकेटमधली आघाडीची फळी कोसळते, पक्षात तरुणांची नवी फळी तयार होते, गावात दुफळी माजते. पण तिने माणसं गोळा केली ती रांगेत उभी करून, मेजाभोवती बसवून नव्हे. म्हणून ‘बोर्ड’ला सरसकट एक मराठी प्रतिशब्द शोधण्यात अर्थ नाही: कुठे फलक, कुठे मंडळ. आणि कार्यालयांत हल्ली नव्या माणसाचं ‘ऑनबोर्डिंग’ करतात, त्यासाठी ‘रुजू करून घेणं’ हा वाक्प्रचार आपल्याकडे आयता आहे. तो वापरायला कुणाची हरकत नसावी.