वॉलआय दुपारी का लागत नाही?

प्रश्न : मी शहागडचा. गोदावरीवर गळ टाकण्यात उभा जन्म गेला. माझा मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो, जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे चाललोय. तिकडं वॉलआय नावाच्या माशाचं भारी कौतुक आहे म्हणे. पोरगा दर रविवारी दुपारी तळ्यावर जातो अन् हात हलवत परत येतो. हा मासा कुठं, कधी, कशाला लागतो? आपल्याकडं त्याच्या जोडीचा कोणता?

उत्तर : काका, मुलाला आधी एवढंच सांगा : रविवारी दुपारी झोप काढ आणि संध्याकाळची जेवणं उरकून तळ्यावर चल. मिनेसोटात जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. दिवस कलल्यापासून चांगलं अंधारून येईपर्यंत वॉलआयची खरी वेळ. पहाटे झुंजूमुंजू होताना पुन्हा तीच.

सगळं कारण त्याच्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यामागं उजेड परत फेकणारा एक चकचकीत थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. त्यामुळं अंधुक पाण्यातही त्याला भक्ष्य दिसतं. पिवळा पर्च नावाचा छोटा मासा हे त्याचं आवडतं खाणं, आणि त्या पर्चला संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. वॉलआय तेवढ्यात डाव साधतो. भर उन्हात मात्र तो खोल जातो, नाहीतर पाणगवताच्या सावलीला दबून बसतो. पुतण्याकडं राहायला गेलो होतो तेव्हा रात्री एक हातात धरून बॅटरीच्या उजेडात नीट पाहिला. अंग शेवाळी-सोनेरी, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका आणि डोळा धुरकट काचेच्या गोटीसारखा, आतून उजळलेला. तोंडात बोट घालू नका, दात अणकुचीदार असतात. पाठीवरच्या परालाही काटे असतात.

दिवसाच जायचं असेल तर ढगाळ, वाऱ्याचा दिवस निवडा. लाटा उठल्या की पाण्यात शिरणारा उजेड विखुरतो, पाणी थोडं गढुळतं आणि मासा दुपारीही चरायला निघतो. अशा पाण्याला तिकडचे लोक ‘वॉलआय चॉप’ म्हणतात. आपण वारा चुकवून आडोशाचा काठ धरतो. तिथं उलट करायचं, वारा ज्या काठावर आदळतो तोच धरायचा.

आता जागा. तिकडची तळी हिवाळाभर गोठलेली असतात. बर्फ वितळला आणि पाणी सहा ते नऊ अंश सेल्सिअसवर आलं की वॉलआय गोटे-खडीच्या उथळ तळावर किंवा तळ्याला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांत अंडी घालतो. मिनेसोटातल्या तळ्यांवर त्याचा हंगाम मेच्या मध्याला उघडतो, तेव्हा मासा अजून या उथळ जागांच्या आसपासच असतो. तुम्ही पोचाल तोवर तो पाणगवताच्या बाहेरच्या कडेला आणि पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यांवर सरकलेला असेल. तळ एकदम खाली उतरतो ती कड शोधा. गोदावरीत खडक संपून रेती लागते ती रेघ तुम्हाला काठावर उभं राहून कळते, तीच नजर तिथं कामाला येईल. मिल लॅक्ससारखं अफाट पसरलेलं तळं पन्नास फूटही खोल नाही, तिथं उन्हाळ्यात मधल्या चिखलाच्या पट्ट्यांवरही मासा मिळतो.

नदीत तो ओढीत उभा राहत नाही. जोराचा प्रवाह आणि संथ पाणी एकमेकांना घासतात त्या रेघेवर, संथ बाजूला टपून बसतो. मिसिसिपीवर रेड विंगजवळच्या धरणाच्या खालचं पाणी त्यासाठी नावाजलेलं आहे.

आमिषाचं म्हणाल तर वसंतात छोटे मासे, उन्हाळ्यात जळू आणि मोठी गांडुळं, थंडी सुरू झाली की परत छोटे मासे. जूनमध्ये मी जळूच घेईन. तिच्या रुंद टोकाला, चिकटायची वाटी असते तिथून गळ घाला म्हणजे ती पाण्यात वळवळत राहते. गळ शिशाचं डोकं असलेला घ्या, त्याला ‘जिग’ म्हणतात. उथळ पाण्याला साडेतीन ग्रॅमचा पुरतो, खोल पाण्याला सातचा. तो तळाला टेकू द्या, वीतभर उचला, परत सोडा. मासा बहुतेक वेळा गळ खाली पडतानाच धरतो. आपल्या शिवडा माशासारखा हिसका बसत नाही, दोरीत नुसती टिचकी जाणवते, कधी तेवढीही नाही, दोरी फक्त जड लागते. तो जडपणा जाणवला की काठी झटकन उचलायची. दोरी सैल ठेवलीत तर ही टिचकी कळणारच नाही, माझ्या मते भर दुपारी जाण्याच्या चुकीनंतर दुसरी चूक लोक इथंच करतात.

परवाना काढल्याशिवाय गळ टाकू नका, मुलाच्या गळावरही नको. किती मासे ठेवायचे, किती लांबीचे सोडायचे हे तळ्यागणिक बदलतं, ते त्या तळ्याच्या फलकावर वाचा. नाव बाहेर काढताना तळाचं बूच काढून पाणी सोडून द्यायचं असतं, म्हणजे एका तळ्यातले शिंपले दुसऱ्यात जात नाहीत. हे लोक एवढे कडक का, तर त्यांनी पाहिलंय. रेड लेक या प्रचंड तळ्यात अतिमासेमारीनं वॉलआय जवळजवळ संपला, १९९९ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि ती २००६ मध्ये पुन्हा उघडली. मोठे वॉलआय बहुतेक माद्याच असतात. हाताशी आलेली मोठी मादी सोडून द्या, खायला मध्यम आकाराचाच चांगला. मांस पांढरं, काटे कमी, आपल्या कटल्यासारखं निवडत बसावं लागत नाही.

जोडीचा म्हणाल तर शिवडा. जातीनं दोघं वेगळे, शिवड्याला खवले नाहीत, मिशा आहेत. पण तोही तळाशी दबून राहणारा, अंधारात आणि गढूळ पाण्यात शिकार करणारा. आता तो दुर्मिळ होत चाललाय. मृगाच्या तोंडावर पोट फुगलेली मादी लागली तर तिलाही सोडा, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : वॉलआयचं बीज आणून नाथसागरात सोडता येईल का? (पैठण)

उत्तर : नाही, आणि येत असतं तरी सोडू नये. त्याला अंडी घालायला बर्फ वितळल्यावरचं थंडगार पाणी लागतं, आपल्याकडं जानेवारीतही ते मिळत नाही. परकं बीज काय करतं हे आफ्रिकन मांगुरानं दाखवलंय. केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो अजून तळ्यांत सापडतो. नाथसागर पक्षी अभयारण्यही आहे, तिथं आधी वनखात्याला विचारा.

प्रश्न : मरळ गळाला लागते, पण बेशरमीत शिरून दोरी तोडते. काय करू? (माजलगाव)

उत्तर : लागल्या क्षणी तिला श्वास घेऊ देऊ नका. चाळीस पाउंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी, आखूड आणि ताठ काठी, आमिषाला रबरी बेडूक. चावा बसला की थेट काठाकडं ओढायचं, खेळवत बसायचं नाही. मात्र बेशरमीजवळ पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वरखाली होताना दिसला तर तिथं गळ टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, त्यामुळं ते गळावर चटकन झेपावतात. त्यांना काढलं की पिल्लांवर इतर मासे तुटून पडतात. दुसरा काठ धरा, पिल्लं पांगली की महिन्याभरानं तिथं परत या.