दार लागतं आणि लगेच उघडतं

प्रश्न : माझी छोटी गाडी दहा वर्षांची आहे. घेतली तेव्हा साधं मॉडेल होतं, रिमोटचं सेंट्रल लॉक नंतर वरून बसवून घेतलं. दिवाळीपासून रिमोटचं बटण दाबलं की दारं लागतात आणि लगेच खट्‌कन उघडतात. कधी नीट लागतात. कधी ड्रायव्हरचं दार सोडून बाकीची तीन लागतात. रिमोटचा सेल बदलून झाला. एका दुकानात दाखवलं तर चारही मोटरींसकट पूर्ण सेट बदला म्हणाले. बदलू का?
– एक शिक्षक, सेलू

उत्तर : सर, सेट बदलू नका. ‘कधी ड्रायव्हरचं दार सोडून बाकीची तीन लागतात’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात कामाचं वाक्य तेच आहे. तीन दारं हुकूम ऐकतात म्हणजे रिमोट ठीक, फ्यूज ठीक, डॅशबोर्डाखाली बसवलेली, दारांना हुकूम सोडणारी काळी डबीही ठीक. राहिलं एकच दार, आणि ते ड्रायव्हरचं. ते दिवसातून सगळ्यात जास्त वेळा उघडतं, आपटतं आणि सगळ्यात आधी थकतं.

वरून बसवलेल्या सेटमध्ये चार मोटरी दिसायला सारख्याच असतात, पण मागच्या दोन आणि डावीकडची पुढची अशा तिघींना दोनच वायरी असतात. डबी त्या दोन वायरींतून एका दिशेनं करंट सोडते तेव्हा दार लागतं, उलट्या दिशेनं सोडते तेव्हा उघडतं. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरीला मात्र पाच वायरी असतात. बहुतेक किटमध्ये निळी आणि हिरवी मोटरीची, आणि पांढरी, तपकिरी, काळी या तीन आतल्या छोट्या स्विचच्या. तुम्ही चावीनं ड्रायव्हरचं दार लावता तेव्हा बाकीची तीन आपोआप लागतात ती या स्विचमुळे. हे दार लागलं की उघडलं, त्याची वर्दी तो डबीला देतो.

आता घोटाळा कुठं होतो बघा. मोटरीचं प्लास्टिकचं गिअर झिजलं किंवा मोटरीला लॉकशी जोडणारी सळी कुठं अडायला लागली की मोटर नॉब (आतून लॉक करायची दारावरची खुंटी) पूर्ण खाली ओढू शकत नाही. अर्ध्यात नेते, मग नॉब मागं उसळतो. स्विचला वाटतं, मालकानं दार उघडलं. तो तशी वर्दी देतो, आणि डबी इमानदारीनं चारही दारं उघडून टाकते. तुम्हाला ऐकू येतं ते ‘खट् खट्’ हेच. म्हणजे सेट बिघडलेला नाही, एका दाराकडून चुकीची खबर जातेय.

हे घरच्या घरी ताडून बघता येतं. गाडीत बसा, दारं नुसती ओढून घ्या, लॉक करू नका, आणि ड्रायव्हरचा नॉब हातानं खाली दाबा. बाकीची तीन लागली तर स्विच आणि त्याच्या तीन वायरी शाबूत. नाही लागली तर स्विचच्या बाजूला दोष. मग रिमोट दाबा आणि कान दाराच्या पॅडला, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणाला लावा. ‘खर्रर्र’ असा मोकळा आवाज आला आणि नॉब जागचा हलला नाही, तर गिअरचे दाते गेलेत. आवाज दमदार आहे पण नॉब अर्ध्यातच थांबतो, तर सळी किंवा लॉकच जड झालंय. आवाजच नाही, तर मोटरीपर्यंत करंट पोचत नाही किंवा मोटर जळालीय. एवढं होईस्तोवर पंधरा-वीस वेळा बटण दाबू नका. बऱ्याच मोटरींत गरम झाल्यावर करंट तोडणारा भाग असतो. मोटर मधेच गप्प बसते, दोन-चार मिनिटांनी पुन्हा चालते, आणि माणूस उगं नव्या दोषामागं लागतो.

कधी नीट, कधी नाही, हे तुमचं दुसरं लक्षण. याला कारण बहुतेक वेळा वायर. ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडलं की बिजागऱ्यांच्या मधे रबराची घड्याघड्यांची नळी दिसते. दारातल्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दार उघडताना-लावताना प्रत्येक वेळी वाकतात. (वरून बसवलेल्या सेटची वायर काही जण नळीत न घालता बाजूनंच ओढून घेतात, तसं असेल तर ती आधी बघा.) माझी सगळी नोकरी चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत वायरिंगवर गेली. एसटीत काय आणि कारमध्ये काय, वायर तुटते ती हलणाऱ्या जागी. बाहेरून प्लास्टिक धडधाकट दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. दार एका कोनात असताना टोकं टेकतात, दुसऱ्या कोनात सुटतात.

ती तपासायची असेल तर ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या कडेला लॉकचा खेकडा दिसतो, म्हणजे दार लागताना चौकटीवरची खिट्टी पकडणारा आकडा. उघड्या दारात तो मोकळा असतो आणि बऱ्याच गाड्यांत तसा असताना नॉब खाली बसत नाही. म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खेकडा आत ढकलून बंद करा, जणू दार लागलंय. आता मदतीला कुणाला तरी घ्या. तो रिमोट दाबत राहील, अधेमधे थांबून, आणि तुम्ही दार हळूहळू पुढंमागं करा. एका ठरावीक जागी लॉक चालतंय आणि जरा हललं की बंद पडतंय, असं दिसलं की दोष सापडला. नंतर मात्र लॉक उघडून बाहेरचं हँडल ओढा आणि खेकडा मोकळा करा, मगच दार लावा. हे विसरून दार आपटलं तर बंद खेकडा चौकटीच्या खिट्टीवर आदळतो आणि भलतंच काम निघतं.

मग नळी एका बाजूनं सोडवून मागं सरकवा. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकी ओढा. शाबूत वायर ताठ राहते. आत तुटलेली असेल ती रबरासारखी लांबते, हाताला लगेच कळतं. एक सापडली म्हणून थांबू नका, तिच्या शेजारणीही त्याच वयाच्या असतात. जोडताना पीळ देऊन टेप गुंडाळू नका, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. तेवढ्याच जाडीची मऊ, बारीक तारांची वायर घ्या, सोल्डर मारा, वर गरम केल्यावर आक्रसणारी नळी चढवा, आणि जोड वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नका. एक जोड दाराच्या आत, एक बिजागऱ्या बसवलेल्या खांबाच्या आत. चार वायरी असतील तर जोड एकाखाली एक न ठेवता मागंपुढं ठेवा.

वायरी ठीक निघाल्या तर पॅड काढावं लागेल. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि काच वर असू द्या. स्क्रू आतल्या हँडलच्या वाटीत आणि हात टेकवतो त्या खळग्यात असतात, बहुतेकदा छोट्या झाकणाखाली. बाकी पॅड क्लिपांवर बसलेलं असतं, ते खालच्या कडेनं सोडवत वर या. क्लिपा तुटतातच, चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा. आत प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका आणि परत नीट चिकटवा. दाराच्या आतून पावसाचं पाणी वाहत असतं, ते गाडीत येऊ नये म्हणून तो लावलेला असतो. कागद फेकून दिलेल्या गाड्यांच्या मॅटखाली पावसाळ्यात पाणी साचलेलं मी किती तरी वेळा पाहिलंय.

मोटर दिसली की लगेच बदलू नका. मोटरीची सळी आणि लॉकची सळी जिथं जोडलीय तिथं पितळी किंवा लोखंडी चिमटा असतो, त्याचा छोटा स्क्रू ढिला झाला की मोटर पूर्ण चालूनही लॉक अर्धंच चालतं. स्क्रू सोडा, नॉब हातानं पूर्ण खाली न्या, मोटरीची दांडीही त्याच दिशेला पूर्ण न्या आणि मग कसा. मोटरीची चाल साधारण दोन सेंटीमीटर असते, त्यातले चार-पाच मिलिमीटर ढिलाईत गेले तरी हा खेळ होतो. दोन्ही सळ्या एका रेषेत हव्यात; तिरकी ओढ असेल तर नवी मोटरही थोड्या महिन्यांत झिजेल.

आणि लॉक स्वतः जड आहे का ते बघा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ फार बारीक. मार्च ते मे ती लॉकमध्ये बसते, जुन्या ग्रीसमध्ये मुरते आणि त्याचा गोळा होतो. साफ करणारा स्प्रे मारून तो धुऊन काढा, वाळू द्या, मग पांढरं लिथियम ग्रीस थोडं लावा. खोबरेल तेल, इंजिन ऑइल यातलं काही नको. आज मऊ वाटतं, पण त्यावर दुप्पट धूळ बसते.

एवढं करून मोटरच गेलेली निघाली तर पाच वायरींची एकटी मोटर सुटी मिळते. दुकानात ‘ड्रायव्हर साइडची, पाच वायरींची’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर दोनवाली हातात देतील.

हेच लक्षण कंपनीतून सेंट्रल लॉक आलेल्या गाडीत असेल तर आधी आतला दिवा बघा. सगळी दारं लावूनही तो जळत राहतो किंवा डॅशबोर्डवर दार उघडं असल्याची खूण दिसते, तर गाडीला कुठलं तरी दार किंवा डिकी उघडीच वाटतेय आणि ती मुद्दाम लॉक होऊ देत नाही. तिथं दोष मोटरीत नसून दार लागल्याची वर्दी देणाऱ्या स्विचमध्ये असतो.

प्रश्न : रिमोट अगदी गाडीला चिकटून दाबला तरच चालतो. फोनच्या कॅमेऱ्यात बघितलं तर लाइटही दिसत नाही. रिमोट खराब झाला का? नवा फार महाग सांगतात.
– एक गृहिणी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, कॅमेऱ्याची युक्ती टीव्हीच्या रिमोटची. त्यातून डोळ्याला न दिसणारा प्रकाश निघतो. गाडीचा रिमोट रेडिओ लहरी सोडतो, बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्या कुठल्याच कॅमेऱ्यात दिसायच्या नाहीत. तुमच्या वर्णनावरून सेल उतरलाय. जुन्या सेलवरचा आकडा वाचून तसाच आणा. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड; २०१६ रुंदीला तेवढाच पण निम्मा जाड, तो टाकला तर आत खुळखुळतो. किल्लीचं कवच उघडताना खाली रुमाल अंथरा. काही किल्ल्यांत नखाएवढी सुटी चिप असते. ती हरवली तर दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही. नवीन सेलनंही तेच राहिलं तर सेलला टेकणाऱ्या पत्र्या हलक्या हातानं वर उचला. आणि रिमोट बाकी सगळीकडे चालतोय, फक्त एकाच जागी बंद पडतोय, असं असेल तर दोष त्या जागेत आहे. शेजारचं एखादं यंत्र त्याच लहरींवर बोलत असतं. तिथं चावीनं दार उघडा. महिन्यातून एकदा चावी वापराच, नाहीतर तिची खाच धुळीनं बसते आणि नेमकी गरजेला फिरत नाही.

प्रश्न : मागचं उजवं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. लॉक बदलावं लागेल का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : नाही. दार उघडून त्याच्या कडेला, लॉकच्या जवळ बघा. छोटा खटका किंवा चावीनं फिरणारी खाच दिसेल, ते चाइल्ड लॉक. गाडी धुताना फडक्यानं किंवा पोतं ठेवताना ते लागून जातं. खटका दुसऱ्या बाजूला केला की दार आतून उघडेल. मागं लहान लेकरं बसत असतील तर उलट डाव्या दाराचाही लावून टाका.