वाचकांचे प्रश्न : स्पीकरची तार किती जाड असावी?

प्रश्न : ॲम्प्लिफायर दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात असल्यामुळे आमच्या एका स्पीकरपर्यंत ३ मीटर आणि दुसऱ्यापर्यंत ८ मीटर तार लागते. स्पीकर ८ ओहमचे आहेत. दोन्ही तारा समान लांबीच्या नसल्यास आवाज मागेपुढे होतो आणि तार ऑक्सिजनविरहित तांब्याचीच हवी, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. ती तार दीड हजार रुपये मीटर आहे. घ्यावी का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घेऊ नये. ५ मीटर जादा तार पार करायला विद्युत्संकेताला सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही कमी वेळ लागतो आणि तेवढ्या अवधीत हवेतला ध्वनी मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा पुढे सरकत नाही. आपण खुर्चीत जरा मागे रेललात तरी त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. साधे विजेचे तांबे आणि ऑक्सिजनविरहित तांबे यांच्या वाहकतेतील तफावत सुमारे एक टक्का आहे, म्हणजे तार नखभर जाड घेतली की ती भरून निघते.

खरा प्रश्न जाडीचा आहे. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. जाणे-येणे धरून आपल्या ८ मीटर अंतराचे १६ मीटर होतात आणि रोध ०.११ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे जेमतेम ०.१२ डेसिबलची घट येते, जी कानाला कळत नाही. स्पीकरसोबत फुकट मिळणारी पाऊण स्क्वेअर एमएमची तार याच अंतरावर वापरली, तर रोध ०.३७ ओहमच्या आसपास जातो. एवढ्यानेही आवाज लहान झाल्यासारखा वाटणार नाही, पण ८ ओहम हा स्पीकरचा केवळ नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्षात त्याचा रोध काही कंप्रतांना ४ ओहमपर्यंत उतरतो, तर खर्जाच्या एका टप्प्यावर वीसच्याही वर चढतो. तार बारीक असली की ही घट सर्वत्र सारखी न पडता कुठे अधिक आणि कुठे कमी पडते आणि त्यातून स्पीकरचा मूळ स्वभाव किंचित बदलतो. तारेमुळे आवाज बदलतो या समजुतीत तथ्य आहे ते एवढेच, आणि त्याचा किमतीशी संबंध नाही. आपल्या अंतराला अडीच स्क्वेअर एमएमची बहुधागी तार पुरेशी आहे.

खरेदी करताना मात्र एक फसवणूक टाळावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची तार बाजारात सर्रास मिळते आणि तिचा रोध तितक्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सुमारे दीडपट असतो. एखादा धागा ब्लेडने खरवडून पाहावा : आत पांढरे निघाले तर ते ॲल्युमिनियम. कल्हई केलेली तांब्याची तार याच्या नेमकी उलट, बाहेरून पांढरी आणि आतून लालसर असते. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर हिरवे पडते, त्यामुळे तिथे हीच तार अधिक टिकते.

प्रश्न : वडिलांच्या तबकड्या ऐकण्यासाठी टर्नटेबल खिडकीजवळ हलवले आणि मूळ १ मीटरच्या केबलऐवजी ३ मीटरची आरसीए केबल जोडली. तेव्हापासून सतत घुमणारा आवाज येतो आणि गाण्यातला ‘स’ बोचरा वाटतो. अधिक महागडी केबल लावावी का? — एक वाचक, सांगली

उत्तर : महाग नव्हे, आखूड. सीडी प्लेअरमधून सुमारे २ व्होल्टचा संकेत निघतो, तर टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई, चुंबक आणि वेटोळे असलेल्या भागातून, साधारण ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे सुमारे चारशे पटींनी लहान. शिवाय अशा कार्ट्रिजच्या वेटोळ्याचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) साधारण अर्धा हेन्री असते आणि केबलचे कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) त्याच्याशी मिळून एक अनुनाद, म्हणजे ठरावीक कंप्रतेला येणारा उठाव, तयार करते. एकूण कॅपॅसिटन्स २०० पिकोफॅरड असेल तर हा अनुनाद १६ किलोहर्ट्झजवळ पडतो. साधारण आरसीए केबलमध्ये मीटरमागे १०० पिकोफॅरड धरले, तर आपल्या दोन वाढीव मीटरांनी तो ११ किलोहर्ट्झवर खाली येतो. त्याच्या आसपासचा भाग उठावाने वाजतो आणि त्यावरचा झपाट्याने गळतो. आपल्याला बोचणारा ‘स’ बहुधा याचाच परिणाम आहे. संपूर्ण संचात केबलची निवड खरोखर कानाला जाणवते ती जागा हीच, आणि नेमक्या याच जागेबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही.

फोनो प्रीॲम्प (टर्नटेबलचा लहान संकेत मोठा करणारे उपकरण) वेगळा असेल तर तो टर्नटेबलशेजारी ठेवून मूळची आखूड केबल पुन्हा लावावी आणि लांब केबल प्रीॲम्पच्या पुढे घ्यावी; तेथून पुढे संकेत मोठा असतो, म्हणून ५ मीटरही चालतात. घुमण्याबाबत आधी टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट बसली आहे ना, हे पाहावे. ती ठीक असूनही ५० हर्ट्झची घुमघुम राहिली आणि संचाला टीव्ही जोडलेला असेल, तर डिशच्या केबलवाटे दुसरे अर्थिंग येत असण्याची शक्यता आहे. टीव्हीची जोडणी ऑप्टिकल केबलने केल्यास धातूचा संबंधच तुटतो. ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये. घुमणे थांबेल, पण बिघाड झाल्यास शॉक बसेल.

प्रश्न : केबलवरील बाण उलट लागला तर आवाज बिघडतो का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : स्पीकरच्या तारेला दिशा नसते, कारण संकेत दोन्ही दिशांनी आलटूनपालटून वाहतो. काही इंटरकनेक्टमध्ये (प्लेअर आणि ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या केबलमध्ये) बाहेरची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते आणि ते टोक ओळखता यावे म्हणून बाण छापतात; तिथे बाण प्लेअरकडून ॲम्प्लिफायरकडे ठेवावा.