मोपा ते दाबोळी : एका फेरीत दोघांना आणता येईल?

प्रश्न : आई-बाबा मुंबईहून दुपारी 3 वाजता मोपाला उतरणार आहेत आणि धाकटा भाऊ हैदराबादहून साडेपाचला दाबोळीला. घर फोंड्याला, गाडी एकच. नकाशावर दोन्ही विमानतळ जवळच दिसतात. एकाच फेरीत सगळ्यांना आणता येईल का? आईचे गुडघे दुखतात, म्हणून विचारते.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, आधी दोन्ही तिकिटं पुन्हा एकदा नीट बघा. 'गोवा' एवढंच वाचून थांबू नका. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. जानेवारी 2023 मध्ये मोपाहून विमानं सुरू झाल्यापासून भलत्याच विमानतळावर वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता अंतर. सरळ रेषेत जेमतेम 40 किलोमीटर, पण रस्त्याने साठाच्या वर जातं. मोपा पेडण्याच्या पठारावर, दाबोळी वास्कोच्या बाजूला, आणि मधे मांडवी आणि जुवारी या नद्या. मोपाहून धारगळला महामार्गावर यायचं, मग कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, बांबोळी, आगशी, जुवारीचा पूल, कुठ्ठाळी, चिखली. रस्ता मोकळा असेल तर दीड तास. जुवारीचा नवा पूल दोन्ही बाजूंनी सुरू झाला, तेव्हापासून आगशी-कुठ्ठाळीची जुनी डोकेदुखी बरीच कमी झाली. खरा खोळंबा पर्वरीला. उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तिथे संध्याकाळी ट्रक, बस, स्कूटर सगळे बॅरिकेडच्या कडेने एकामागे एक सरकतात. त्या टप्प्यासाठी अर्धा तास जास्तीचा धराच. शुक्रवार असेल तर म्हापशाच्या बाजाराची गर्दीही लक्षात ठेवा.

आई-बाबांचं विमान 3 ला टेकलं, तरी सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत पावणेचार होतील. दाबोळी गाठायला साडेपाच-सहा. तिथे भावाची वाट बघायची, मग फोंडा. घरी पोचेपर्यंत सव्वासात वाजतील. वेळेचं गणित जुळतं, पण आईंनी साडेतीन तास गाडीत पाय दुमडून बसायचं, हे मला अजिबात पटत नाही.

त्यापेक्षा गाडी फक्त मोपाला न्या. पणजीहून रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ करत साडेपाच-सहापर्यंत आई-बाबा घरी पोचतील. वाटेत म्हापशाला थांबून चहा प्यायला आणि पाय मोकळे करायला वेळही मिळेल. विमान कंपनीला व्हीलचेअर हवी असल्याचं आदल्या दिवशीच कळवून ठेवा, ऐनवेळी मागत बसू नका.

भाऊ तरुण आहे, त्याला दाबोळीहून टॅक्सी करू दे. कुठ्ठाळीहून लोटली, बोरी पूल करत तो फोंड्याला येईल. त्याला पर्वरीचं तोंडही बघावं लागणार नाही, आणि सातच्या सुमारास तोही घरी असेल. टॅक्सीचे पैसे जातील खरे, पण मोपाहून दाबोळी करून फोंड्याला यायचं पेट्रोलही काही थोडं नाही.

परतीची तिकिटं अजून काढली नसतील तर तिघांचीही एकाच विमानतळावरून काढा. सोमवार ते शुक्रवार दाबोळीला सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात, त्यामुळे सकाळचं विमान हवं असेल तर आधी मोपा बघा.