खिशातल्या चाकूच्या मुठीवरचे ओरखडे

प्रश्न: माझ्या फोल्डिंग चाकूची मूठ स्टेनलेस स्टीलची आहे, किल्ल्यांसोबत खिशात राहून तिच्यावर बारीक चरे पडलेत. घरी घालवता येतील का?

उत्तर: येतील, पण आधी मूठ उजेडात धरून फिनिश बघा. एकाच दिशेने बारीक रेषा दिसत असतील तर ब्रश फिनिश आहे, मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फक्त त्या रेषांच्याच दिशेने हलक्या हाताने ओढा, गोल गोल अजिबात घासू नका, नाहीतर नवे चरे जुन्यांपेक्षा जास्त दिसतात. आरशासारखी चकचकीत असेल तर १०००, मग २०००, आणि शेवटी सुती फडक्यावर मेटल पॉलिश, याला वेळ लागतो, घाई करू नका. काळी कोटिंगवाली मूठ असेल तर मात्र हातच लावू नका, कोटिंग निघालं की परत येत नाही.

सुरुवातीलाच पातं बंद करून धारेच्या बाजूला जाड टेप लावा, हे विसरू नका प्लीज. साध्या लोखंडी तारेच्या घासणीने घासू नका, तिचे कण अडकून गंजाचे डाग पडतात. नंतर टेप काढून धुऊन पूर्ण कोरडं करा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. नखाला लागणारा खोल चरा असेल तर माझ्या मते राहू द्या, तो घालवायला बरंच स्टील घासावं लागतं.